बाहेर न गेलेला ठेका

ड्रम माझा नव्हता, मुलाचा होता. शाळा मोबाईलवर भरायच्या त्या दिवसांत तो दहावीला होता आणि हट्ट करून त्यानं तो घ्यायला लावला. इलेक्ट्रॉनिक ड्रम. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर रबराच्या थाळ्या, पायाशी पेडल, आणि सगळ्यांच्या वायरी एका छोट्या डब्यात गेलेल्या. आवाज त्या डब्यात. हेडफोन लावला की वाजवणाऱ्याच्या कानात सगळं धडाडतं, आणि बाहेर उभ्या माणसाला नुसती टकटक ऐकू येते. आमचं घर दारव्ह्यातल्या एका लेआऊटमध्ये, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागून. म्हणून ह्यांना तोच पटला. "वाजव बापा, पण बाहेर आवाज नाही आला पाहिजे," एवढीच त्यांची अट होती.

दीडेक वर्ष त्यानं वाजवला. मग बारावी आली, क्लास आले, आणि तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. वरच्या खोलीत ड्रम चादरीखाली राहिला. पावसाळ्यात मी त्याच्या नळ्यांवर मोजे वाळत घालायची. एकदा चादर धुवायला काढली तेव्हा काठी खाली पडली. उचलून ठेवताना सहज एका थाळीवर मारली. ठक्. मग काय वाटलं कोणास ठाऊक, बटण दाबलं, हेडफोन कानाला लावला आणि पुन्हा मारली.

मी गणिताची शिक्षिका. आठवी ते दहावी. दिवसभर माझ्या आवाजानं वर्ग गप्प बसतो, पण तो आवाज समीकरणांचा. माझ्या हातातून असं काही निघू शकतं हे मला माहीत नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले आणि मोजे वाळत घालायची त्याच सांगाड्यावरच्या थाळ्यांवर थडाथड मारत सुटले. त्यात ताल नव्हता, काही नव्हतं. हेडफोन काढला तेव्हा मला हसू येत होतं.

शाळा सकाळची असायची. एक वाजता मी घरी यायची आणि हे पंचायत समितीतून सहाला यायचे. मधला वेळ माझा. जेवण झालं की वरच्या खोलीत जायची. रविवारी मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि सांगितलं. तो आधी हसला. "आई, खरंच?" मग मात्र त्यानं नीट दाखवलं. उजव्या हातानं झांजेच्या थाळीवर सारखे टोले, डाव्यानं दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला, पायानं पहिल्या आणि तिसऱ्या. ऐकायला सोपं. करायला गेले की उजवा हात थांबला की डावा थांबायचा, पाय दाबला की दोन्ही हात दाबायचे. मुलगा म्हणाला, "तुझे सगळे अवयव एकाच युनियनचे आहेत, आई." चारपाच रविवार त्यानं शिकवलं. नंतर तो व्हिडिओच्या लिंका पाठवायला लागला. नंतर माझ्या मेसेजखाली निळ्या खुणा तेवढ्या दिसायच्या, उत्तर यायचं नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही. त्याचं वय तसं होतं आणि त्याला तिकडे मित्र मिळाले होते, त्यांचा एक बँडही होता. तिथं तो खरा ड्रम वाजवायचा.

मी व्हिडिओ बघून शिकत राहिले. डब्यात टिकटिक करणारं यंत्र असतं, मेट्रोनोम. ते लावून तोच ठेका, रोज. एके दिवशी डावा हात आपोआप आपल्या जागी पडला. मी थांबले तर परत जमणार नाही या भीतीनं मी वाजवतच राहिले, खाली गॅसवर दूध होतं तरी. ते उतू गेलं.

ह्यांना माझं हे वेड विनोदी वाटायचं. रागावले कधी नाहीत, ते मी मान्य करते. पण पाहुणे आले की सांगायचे, "आमची मॅडम वरतं तुरी झोडपते." बाहेरून खरंच तसंच वाटायचं, वाळलेल्या तुरीवर कोणी काठी मारतंय असं. संध्याकाळी लवकर आले तर जिन्यातून हाक यायची, "झोडपणं झालं असन तर चहा ठेव." मीही हसायची. हसण्याखेरीज करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

एकदा माझी आई आली, तांड्यावरून. आम्ही बंजारा, आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. आमच्या तांड्यात होळीला नगारा वाजतो, पुरुष वाजवतात, बायका नाचतात. माझ्या वडिलांच्या नगाऱ्यावर हात मारायची मला लहानपणी फार इच्छा व्हायची, पण मुलींनी तिकडे फिरकायचंच नसे. ही गोष्ट मी कधी मोठी केली नाही. शिकले, नोकरी लागली, विसरले. याडी वरच्या खोलीत आली, रबराच्या थाळ्यांना बोट लावून पाहिलं, मी वाजवलं ते उभ्यानं पाहिलं आणि म्हणाली, "हात चांगला चालते तुहा. पण आवाज कुठी आहे?" मी हेडफोन दाखवला. तिनं तो घ्यायला नकार दिला. कानात काही घालायची तिला भीती वाटते.

दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत माझं वाजवणं कोणीही ऐकलं नव्हतं. ज्यांनी ऐकलं असं म्हटलं त्यांनी टकटक ऐकली होती.

मग आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, रिटायर व्हायच्या होत्या. स्टाफनं ठरवलं, भाषणं नेहमीचीच होतात, या वेळी गाणी करू. मराठीच्या मॅडम गातात. विज्ञानाचे सर कीबोर्ड वाजवतात, लग्नाकार्यात ऑर्केस्ट्राबरोबरही जातात. स्टाफरूममध्ये यादी चालली होती तेव्हा मोठ्या मॅडमच म्हणाल्या, "तुम्ही ड्रम वाजवता म्हणे? मंग माह्या निरोपाले नाही वाजवणार तं कवा वाजवसान?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले.

तीन गाणी ठरली. विज्ञानाचे सर एका दुपारी कीबोर्ड घेऊन घरी आले. मुलाचा जुना स्पीकर होता, त्याला मी ड्रम जोडला. स्पीकर फाटका, आवाज खरखरायचा. तरी पहिल्यांदाच माझा ड्रम खोलीत वाजला. तिन्ही गाणी झाल्यावर सर म्हणाले, "होऊन जाते मॅडम. फक्त शेवटी शेवटी पळता तुम्ही. गाणं संपायची घाई होते." खरं होतं ते. मी तेवढ्यासाठी महिनाभर मेट्रोनोम लावून बसले. शाळेत फळ्यावर लिहितानाही पायाची मात्रा चालू असायची. मुलं एकमेकांकडे बघायची.

योगायोगानं मुलगा त्या आठवड्यात सुटीवर होता. त्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "मस्त. साऊंडचं मी बघतो." किती बरं वाटलं मला. आदल्या दिवशी त्यानं मला एकदा वाजवायला लावलं, हेडफोन आपल्या कानाला लावून. मी तशीच, आवाजाविना, अंदाजानं वाजवलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि हेडफोन काढून म्हणाला, "भारी, आई. एकदम भारी."

कार्यक्रम दुपारी मंगल कार्यालयात होता. त्यानं ड्रम सुटा करून ऑटोत घालून नेला, स्टेजवर जोडला, वायरी साऊंडवाल्याच्या टेबलापर्यंत नेल्या आणि स्वतः तिथं उभा राहिला. मला म्हणाला, "हेडफोन लावूनच वाजव. स्टेजवर स्वतःचं ऐकू येत नाही." आणि वर म्हणाला, "हॉल घुमतो. बाहेरून काहीही ऐकू आलं तरी तिकडे लक्ष देऊ नको."

पहिलं गाणं नीट गेलं. कानात माझा ठेका, आणि हेडफोनच्या बाहेरून अंधुक मराठीच्या मॅडमचा आवाज. त्याच्या मागं आणखी एक ठेका ऐकू येत होता, माझ्याशी जवळजवळ जुळणारा, जरासा मागे-पुढे. हॉल घुमतो, मुलानं सांगितलंच होतं. मी डोळे डब्यावर ठेवले. दुसऱ्या गाण्यात कडव्याच्या आधी झांजेवर जोरात मारायचं होतं तिथं घामानं डाव्या हातातली काठी निसटली. स्टेजवर पडून घरंगळत गेली. मी वाकले, खुर्चीवरून अर्धी उठले, ती घेतली, बसले आणि परत आत शिरले. जवळजवळ एक ओळ गेली. माझे कान तापले, त्या गडबडीत बाहेरचं काही ऐकलंच नाही. समोर लोक मात्र टाळ्यांनी ठेका धरून बसले होते, कोणाच्या चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, केवढी चांगली माणसं आहेत.

तिसऱ्या गाण्याला मी पळाले नाही. शेवटची झांज वाजवून मी ती बोटांनी दाबली, आवाज तोडला, अगदी शिकले तसा. टाळ्या झाल्या. मोठ्या मॅडम स्टेजवर आल्या, मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "एकडावही ताल सुटला नाही बाई तुमचा." काठी पडल्याचं त्यांनी पाहिलंच असणार. मला वाटलं, मन राखतात. त्या रात्री मी खूप दिवसांनी गाढ झोपले.

दोन दिवसांनी मुलगा पुण्याला गेला. त्या आठवड्यात कोणीतरी स्टाफच्या ग्रुपवर कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकला. रविवार होता. हे समोर बसून पेपर वाचत होते. मी मोबाईल चष्म्याजवळ धरून बघायला लागले. स्वतःला असं बघायची सवय नसते. साडी छान दिसत होती. मान जरा जास्त हलत होती.

मग दुसरं गाणं आलं. व्हिडिओत काठी माझ्या हातातून सुटली. मी वाकले. आणि ठेका चालू राहिला.

मी व्हिडिओ मागे नेला. मी वाकलेली आहे, हात जमिनीवर आहे, खुर्ची जवळजवळ रिकामी आहे, आणि ठेका गुळगुळीत चालला आहे. पुन्हा मागे नेला. ज्या जागी मी झांज मारली तिथं झांज नव्हती. मी दुसऱ्या कडव्यात मुद्दाम बसवलेली एक छोटी पलटी होती, ठेका क्षणभर मोडून परत धरायची, महिनाभर घोकलेली, ती नव्हती. शेवटची झांज मी बोटांनी दाबतेय आणि तिचा आवाज तिथं नाहीच. कीबोर्डमध्ये तयार ठेके असतात, बटण दाबलं की चालू होतात. तसला ठेका होता तो. माझा एकही टोला त्या हॉलमध्ये वाजला नव्हता.

मी मान वर केली. ह्यांनी पेपर खाली घेतला होता आणि ते माझ्याकडे बघत होते. व्हिडिओचा आवाज त्यांनाही ऐकू येत होता.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"काय?"

"माझा आवाज बंद ठेवला होता ते."

त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "त्यानं सांगतलं होतं मले. आदल्या रोजी. म्हणे आई पळते, लाइव्हमध्ये जमणार नाही, कीबोर्डचा ठेका लावू. मी म्हटलं ठीक आहे. एवढे लोक येऊन राह्यले, शाळेचे मेंबर येऊन राह्यले. तुही फजिती होऊ नये म्हणून केलं ना त्यानं."

"मला सांगायचं नाही?"

"तुले सांगतलं असतं तं तू बसली असती काय?"

ते खरं होतं. मी बसले नसते. ते परत पेपर वाचायला लागले, पण पान उलटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मी विज्ञानाच्या सरांना प्रयोगशाळेत गाठलं. त्यांनी परीक्षानळ्या पुसायला घेतल्या. "मॅडम, मी त्याले म्हटलं होतं का आईले सांगजो. तो म्हणे, सांगतलं आहे, तिले चालते. मले वाटलं तुमच्याच मर्जीनं आहे." मग जरा वेळानं म्हणाले, "तुम्ही एवढ्या मन लावून वाजवत होत्या का मी दोनदा तुमच्याकडे पाह्यलं. मंग मले शंका आली. पण मधात थांबवता येत नाही ना."

म्हणजे स्टेजवर मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. मराठीच्या मॅडमनाही, कारण त्यांना कीबोर्डच्या ठेक्यावर गायचं होतं. हॉलमध्ये शे-दोनशे माणसं बसली होती, आणि त्यांच्यासमोर मी हात हलवत होते, मान हलवत होते, घामाघूम होत होते. लहान मूल खेळण्यातली गाडी चालवतं तशी. मोठ्या मॅडमनाही ते माहीत नव्हतं. त्या खरंच बोलल्या होत्या. ताल सुटला नव्हताच.

मुलाला फोन केला. पुण्याला गेल्यापासून त्याची भाषा बदलली आहे. पूर्वी तो मले-तुले बोलायचा, आता मला-तुला बोलतो. त्यात वाईट काही नाही, मीही शाळेत तशीच बोलते. पण त्या दिवशी ती मला टोचली.

"आई, तू उगाच मोठं करतेयस," तो म्हणाला. "मोठमोठे लोक स्टेजवर असंच करतात."

"त्यांना माहीत असतं."

"कोणाला कळलं का? सगळ्यांना आवडलंच ना?"

"मला कळलं."

तो म्हणाला, "हे बघ, तुझी स्टिक पडली की नाही? आवाज चालू असता तर काय झालं असतं?"

"ठेका थांबला असता."

"मग?"

"मग मी परत सुरू केला असता. थांबला होता हे लोकांना कळलं असतं, आणि परत सुरू झाला हेही कळलं असतं."

"लोक हसले असते, आई."

"तू आदल्या दिवशी भारी म्हणाला होतास."

तिकडून कोणी त्याला हाक मारली. तो म्हणाला, "ओके, सॉरी. पण मी तुझ्यासाठीच केलं." मी फोन ठेवला. भांडण झालं असं म्हणता येणार नाही. आवाजही चढला नव्हता कोणाचा.

महिनाभर मी वरच्या खोलीत गेले नाही. मग एका दुपारी गेले, तीच तीन गाणी वाजवली आणि डब्यात रेकॉर्ड करून ऐकली. मला खरं जाणून घ्यायचं होतं. वाईट नव्हतं. फार चांगलंही नव्हतं. पहिल्या गाण्यात पाय मागे राहत होता. हसण्यासारखं होतं का? मी पुन्हा पुन्हा ऐकलं आणि मला ठरवता येईना. माझ्या वर्गातल्या मुलाचं उत्तर चूक की बरोबर हे मी एका नजरेत सांगते. हे मला कधी कळणार नाही, कारण ज्या लोकांनी ठरवायचं होतं त्यांच्यापर्यंत ते गेलंच नाही. ते हसले असते तर मी रडले असते, चार दिवस शाळेत मान खाली घातली असती, आणि मग ते संपलं असतं. हे संपत नाही.

पुढच्या वर्षी गॅदरिंगला नव्या मुख्याध्यापकांनी बोलावलं. "निरोपाले काय वाजवलं होतं म्हणे तुम्ही, आताही वाजवा." मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. विज्ञानाचे सर बाजूलाच उभे होते, खिडकीबाहेर बघत. मी म्हटलं, पाठ दुखते. खरं सांगितलं असतं तर मोठ्या मॅडमच्या निरोपाचा तो दिवस सगळ्यांसाठी नासला असता, आणि माझ्या मुलाचं नाव दारव्हाभर खराब झालं असतं. नंतर स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, "मॅडम आता भाव खातात." माझ्या कानावर आलं. मी काही बोलले नाही. मराठीच्या मॅडमही बोलल्या नाहीत.

मी अजून वाजवते. रोज नाही, जमेल तसं. डावा हात आता चांगला झाला आहे. ह्यांनी तुरीचा विनोद करणं बंद केलंय. मी वर असले तर ते स्वतःच चहा ठेवतात आणि हाक मारत नाहीत. हे त्यांना न सांगता कळलं, आणि ते कळल्याचंही मला काही वाटत नाही.

दिवाळीला मुलगा आला. त्याला आवडते म्हणून पातोडीची भाजी केली. बेसनाच्या वड्या, झणझणीत रस्सा. तो आणि हे आधी जेवायला बसले. मी पोळ्या करत होते. पहिल्या घासाला तो म्हणाला, "आई, काय झालीय भाजी. पुण्यात असं मिळतच नाही." ह्यांनीही मान हलवली. दोघांनी दोनदा घेतली. ते उठल्यावर मी ताट वाढून घेतलं आणि रश्शात पोळी बुडवून खाल्ली. मी मीठ घालायला विसरले होते.

मुलगा हात धुऊन परत आला तेव्हा मी विचारलं, "मीठ नव्हतं ना?"

"थोडं कमी होतं," तो म्हणाला. "चालतं गं."

मी उठले, मिठाचा डबा घेतला आणि माझ्या वाटीत मीठ घालून जेवले.